‘तू’ कुठल्या पानावर?

भाचीनं मला पकडलं ते एका ‘हं’वरून. ती पलंगावर पालथी पडून वाचत होती. मुखपृष्ठ गुलाबी, त्यावर कार्टूनसारखी रंगवलेली दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी. मी कपड्यांच्या घड्या घेऊन चालले होते. जाता जाता “हं, मिल्स अँड बून” एवढंच म्हणाले. तिनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

“मावशी, तू शेवटचं मिल्स अँड बून कधी वाचलंस?”

कॉलेजात असताना. मैत्रिणीनं दोन दिवसांच्या बोलीवर दिलेलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. म्हणजे तीसेक वर्षं सहज झाली.

“मग आम्ही काय वाचतो ते तुला कसं माहीत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या एका प्रकाशनसंस्थेचं नाव मी इतकी वर्षं शिवीसारखं वापरत आले होते. ती संस्था सुरुवातीला सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची, निव्वळ प्रेमकथांकडे पुढे वळली, हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं. आणि मी स्वतःला चोखंदळ वाचक म्हणवते.

तर पैज लागली. वर्षभरात ४० पुस्तकं. त्यातल्या २४ प्रेमकादंबऱ्या, १६ वायए, म्हणजे यंग अडल्ट, किशोरवयीन मुलांसाठीची. निम्मी ती निवडणार, निम्मी मी. राजवाडे नकोत, ड्रॅगन नकोत, आजच्या जगातली, फोन वापरणारी माणसं हवीत. प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद करायची. त्यात ‘बकवास’ हा शब्द लिहायचा नाही, लिहावासा वाटलाच तर का ते लिहायचं, ही तिची अट. माझीही एक होती. मी दहा वाचली की तिनं माझ्या कपाटातलं एक वाचायचं. ती हो म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मला तेव्हाच समजायला हवं होतं.

पहिले दोन महिने फुकट गेले. मी वहीत तारे द्यायचे आणि बहुतेकांना दोनच द्यायचे. शेरा ठरलेला: शेवट पहिल्या प्रकरणातच कळला. सातव्या पुस्तकानंतर भाचीनं वही चाळली आणि कपाळाला हात लावला. “अगं, शेवट कळणारच! कळतो म्हणून तर घेतात.”

मी जरा शोधाशोध केली. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांची एक संघटना आहे, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, १९८० साली स्थापन झालेली. तिची व्याख्या दोनच अटींची आहे. प्रेमकथा पुस्तकाच्या मध्यभागी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. बस. त्या शेवटाला वाचक ‘एचईए’ म्हणतात, हॅपिली एव्हर आफ्टर. कायमचं सांगता येत नसेल तर ‘एचएफएन’, हॅपी फॉर नाऊ, म्हणजे तूर्तास सुखी. (मला हा दुसरा प्रकार फार आवडला. आयुष्यातली बहुतेक सुखं एचएफएनच असतात.) थोडक्यात, ज्या गोष्टीसाठी मी गुण कापत होते ती त्या प्रकाराची पूर्वअट होती. ख्याल ऐकायला बसायचं आणि सम येणार हे आधीच माहीत होतं म्हणून गवयाला नापास करायचं, तसं. सम येणारच असते. तो तिच्यावर कसा येतो, किती लांबून येतो, कुठे चुकल्यासारखं करून सावरतो, त्यासाठी आपण बसलेलो असतो.

तारे बंद केले.

मग हाती लागलं पामेला रेजिस या अभ्यासक बाईंचं २००३ सालचं पुस्तक, ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’. त्यांनी प्रेमकादंबरीचे आठ घटक सांगितले आहेत. ज्या समाजात ही दोघं आहेत त्याचं चित्र, भेट, अडथळा, ओढ, कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, उमज, आणि एकमेकांना दिलेला शब्द. त्या सहाव्या क्षणाला त्यांनी जवळपास ‘विधिवत मृत्यू’ म्हणता येईल असं नाव दिलंय. मी वहीत आठ रकाने आखले. पहिल्या चार-पाच पुस्तकांना ते उत्साहानं भरले, नंतर लक्षात आलं की सात रकान्यांत मी तेच तेच लिहितेय. भेट: लिफ्टमध्ये. भेट: लग्नात. भेट: त्यानं तिची पार्किंगची जागा घेतली. यावरून पुस्तक बरं की वाईट ते काही ठरत नव्हतं. ठरत होतं ते तिसऱ्या रकान्यावरून. ही दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत?

यासाठी मी आधी एक सोपी कसोटी लावली, जी बहुतेक वाचक लावतात. दोघांनी एकमेकांना एक फोन केला असता तर अडथळा मिटला असता का? मिटला असता, तर पुस्तक फसलं. तिनं त्याला दुसऱ्या बाईबरोबर पाहिलं, ती त्याची बहीण निघाली. त्यानं तिचा अर्धाच मेसेज वाचला. अशा पुस्तकांसमोर मी ‘फोन’ लिहायचे. वर्षाच्या मध्यापर्यंत वहीत अकरा ‘फोन’ झाले होते.

ही कसोटी अपुरी आहे हे मला १८१३ सालच्या एका कादंबरीनं शिकवलं, जी मुळात यादीत नव्हती. रेजिसबाईंनी तिचा इतका ऊहापोह केलाय की जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पुन्हा काढून बसले. एकूण ६१ प्रकरणं. नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी आणि नायिका एलिझाबेथचा नकार ३४व्या प्रकरणात. ३५व्यात त्याचं पत्र येतं आणि मोठे गैरसमज बहुतांशी दूर होतात. म्हणजे फोन होऊन गेला! तरीही पुस्तक पंचवीसेक प्रकरणं उरतंच, आणि त्या प्रकरणांत कंटाळा येत नाही. कारण माहिती मिळाली तरी तिला आता स्वतःचं काय करायचं हे कळत नाही. जी मुलगी स्वतःला माणसं ओळखणारी समजत होती तिला आपलंच पारखणं चुकलं हे गिळायचं असतं. माझ्या अकरा ‘फोन’वाल्या पुस्तकांपैकी तीन मी यानंतर परत उघडली. त्यातल्या एकात ती दोघं बोलत का नाहीत हीच खरी गोष्ट होती. तो अशा घरात वाढलेला की तिथं काही मागितलं की ते हातातून जायचं. त्यामुळे तो मागतच नाही. मी घाईत ‘फोन’ लिहून मोकळी झाले होते. तो शेरा खोडला आणि शेजारी तारीख घातली, आपली चूक कधी कळली ते दिसावं म्हणून. बाकी दोन मात्र फोनचीच निघाली.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

मी इंग्रजी पुस्तकं वाचताना संवाद मनातल्या मनात मराठीत करते. मुद्दाम नव्हे, लहानपणापासूनची खोड आहे. पंधरावं की सोळावं पुस्तक. एकाच ऑफिसातली दोन माणसं, एकाच बढतीवर डोळा असलेली. वाचकांच्या भाषेत ‘एनिमीज टू लव्हर्स’, म्हणजे आधी वैरी, मग प्रेमिक. माझ्या डोक्यात दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होती, आणि त्यामुळे त्यांची भांडणं इंग्रजीपेक्षा जास्त रंगत होती. “तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा” यात जो गारठा आहे तो ‘तू’ म्हटल्यावर उरत नाही. मग एका रात्री दोघं उशिरापर्यंत थांबून कागदपत्रं लावताहेत. तो दोन्ही हातांत खोकी घेऊन दार उघडायची धडपड करतोय. ती उठते, वरचं खोकं काढून घेते आणि इंग्रजीत तीनच शब्द बोलते. माझ्या डोक्यात ते आले: “दे इकडे.”

“द्या इकडे” नाही. “दे इकडे.”

मी थांबले. एक पान मागे गेले. तिथं ‘तुम्ही’ होतं. या पानावर ‘तू’. मला कुणी सांगितलं नव्हतं, लेखिकेच्या भाषेत तर ही सोयच नाही. तिच्याकडे राजालाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’. पण त्या आधीच्या शंभर पानांत तिनं जे काही पेरलं होतं, म्हणजे त्याचं तिच्या आवडीच्या पेनाची रिफील गुपचूप बदलणं, तिचं त्याच्या आईच्या फोनच्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन उभं राहणं, त्या सगळ्यानं माझ्या नकळत सर्वनाम बदललं होतं. प्रेमाची रीतसर कबुली सत्तर पानांनी आली. ती आली तेव्हा मी नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून आठ रकाने गेले आणि वहीत एकच रकाना राहिला. तू: पान अमुक.

ही कसोटी माझी मीच काढली, तेव्हा तिची जास्त तारीफ करू नये. पण तिनं मला जे दाखवलं ते ताऱ्यांनी किंवा रकान्यांनी दाखवलं नव्हतं. काही पुस्तकांत पान सापडतच नाही, कारण पहिल्याच भेटीत ‘तू’. नजरानजर झाली, काळजाचा ठोका चुकला, झालं. पुढची तीनशे पानं दोघांनी करायचं काय? मग लेखकाला अडथळे बाहेरून आणावे लागतात: जुनी प्रेयसी, दुसऱ्या शहरातली नोकरी, विमान चुकणं. याच्या उलट, काही पुस्तकांत दोघं शरीरानं पार जवळ येतात. हल्ली पुस्तकात अशी वर्णनं किती त्याला ‘स्पाइस’ म्हणतात आणि मिरच्यांनी मोजतात. चार-चार मिरच्या असतात आणि माझ्या डोक्यात ती दोघं अजून एकमेकांना अहो-जाहोच करत असतात. इतकी हसले मी एकदा, की भाचीनं येऊन विचारलं काय झालं. काय सांगणार तिला.

तिसरा प्रकार हसण्याचा नव्हता. तो पहिल्या पानापासून तिला ‘तू’ म्हणतो. ती शेवटच्या पानापर्यंत ‘तुम्ही’च म्हणते. तो श्रीमंत, तुसडा, तिच्या फोनमध्ये डोकावणारा, ती कुणाशी बोलली म्हणून जबडा आवळणारा. पुस्तक याला प्रेम म्हणतं. इंग्रजीत दोघांच्या तोंडी एकच ‘यू’ असल्यामुळे ते समान पातळीवर बोलल्यासारखे दिसतात. मराठीत आणलं की उतरंड उघडी पडते. अशा पुस्तकांवर बंदी घाला म्हणणाऱ्यांतली मी नाही. कल्पनेत माणूस काय काय चाखून बघतो त्याला जगण्याचे नियम लावू नयेत, आणि वाचणाऱ्या बायका काही दुधखुळ्या नसतात. त्यातली काही पुस्तकं आपण काय करतोय हे नीट जाणतात, सुरुवातीलाच इशारा देतात. माझं भांडण आहे ते न जाणणाऱ्यांशी. त्यांच्यात तिचं ‘तुम्ही’ लेखकाच्या कानावरच पडत नाही.

आणि एक बारकावा, जो मला सर्वात जास्त आवडला. चांगल्या कादंबरीत साधारण ऐंशी टक्क्यांवर जो दुरावा येतो, ज्याला वाचक ‘थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप’ म्हणून नाकं मुरडतात, तिथं ‘तू’ परत ‘तुम्ही’ होतं. “तुम्ही म्हणाल तसं.” एवढं एक वाक्य. भांडण नाही, रडारड नाही, दार आपटणं नाही. ई-रीडरवर खाली टक्के दिसतात, त्यामुळे मला ७६ आलं की धास्ती वाटायला लागायची. पण ज्या पुस्तकांत हे उलटं सर्वनाम ऐकू आलं तिथं तो दुरावा ठरीव वाटला नाही. ज्यांत नाही आलं तिथं दोघं फक्त वेळापत्रकाप्रमाणे भांडली.

बाकी चलनी गोष्टींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ‘फेक डेटिंग’, म्हणजे खोटं-खोटं जमलंय असं दाखवणं, मला मनापासून आवडतं. त्यात माणसं खोटं बोलण्याच्या निमित्तानं खरं बोलून जातात. ‘एकच पलंग’, म्हणजे दोघांना नाइलाजानं एकाच खोलीत राहावं लागणं, सहा वेळा आला, पाच वेळा हॉटेलवाल्याची चूक होती. एक प्रकरण त्याचं, एक तिचं अशी मांडणी असेल तर मी प्रकरणाचं नाव झाकून वाचायचे आणि कोण बोलतंय ओळखता येतं का बघायचे. बहुतेक वेळा येत नाही. तो फक्त जास्त व्यायाम करतो.

मधेच एक वेगळीच गोष्ट घडली. ताई, म्हणजे भाचीची आई, माझी वही वाचत होती. चौथ्या नोंदीवर थांबून म्हणाली, “हे तुला आवडलं नाही? मी तीनदा वाचलंय.” मला धक्का. ताई आणि प्रेमकादंबऱ्या! कळलं की ती कित्येक वर्षं वाचतेय, फोनवर, रात्री सगळे झोपले की. कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, काय मिळतं गं? वाटलं होतं ती म्हणेल स्वप्न, विरंगुळा, असलं काहीतरी. ती म्हणाली, “त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही.”

जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासिकेनं १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या एका शहरातल्या, एका पुस्तकदुकानाच्या नियमित ग्राहक असलेल्या बायकांशी बोलून. पुस्तकांत काय आहे याच्याइतकंच हातात पुस्तक धरून बसण्यालाही त्यांच्या बोलण्यात महत्त्व होतं. हातात पुस्तक असणं म्हणजे ‘आत्ता मी तुमची नाही’ असं घरादाराला सांगणं. मी ते ताईनंतर वाचलं, आणि बरं झालं नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर ताईच्या वाक्याला मी उदाहरण म्हणून वहीत टाचून ठेवलं असतं. तिच्या खोलीचं दार रात्री बंद असतं तेव्हा मी हल्ली टकटक करत नाही.

आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद अजून कुठे ना कुठे फडकत असतो. ताईच्या अर्ध्या तासाला त्यात कुठे बसवायचं ते मला समजलेलं नाही.

वायएकडे वळले तेव्हा माझी कसोटी पहिल्याच पुस्तकात कोलमडली. सगळे एकमेकांना पहिल्या पानापासून ‘तू’. साहजिक आहे, सतरा वर्षांची मुलं अहो-जाहो कशाला करतील? शोधायचं काय मग?

आधी हे मान्य करावं लागलं की वायए हा प्रकार नाही, वय आहे. ग्रंथपालांच्या हिशोबात साधारण १२ ते १८. त्यात खून असू शकतो, भूत असू शकतं, प्रेम असू शकतं किंवा नसू शकतं. या सगळ्याची आजची वाट मोकळी करणाऱ्या पुस्तकांत १९६७ सालच्या ‘द आउटसायडर्स’चं नाव हमखास घेतात. ते छापून आलं तेव्हा लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती. नुसती आद्याक्षरं छापली ती मुलीनं लिहिलंय म्हणून समीक्षकांनी आधीच नाक मुरडू नये यासाठी. म्हणजे मुलांबद्दल मोठ्यांनी लिहिलेलं नव्हे, आतून आलेलं. आणि वाचतं कोण? पुस्तकांच्या बाजाराची माहिती ठेवणाऱ्या बोकर कंपनीच्या, अमेरिकेत २०१२ साली झालेल्या पाहणीत वायए पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःसाठीच घेतली होती. मी लाजत लाजत मुलांच्या खोलीत शिरतेय असं समजत होते, तर आत निम्म्याहून जास्त मोठी माणसंच बसलेली.

याचा परिणाम पुस्तकांवर होतो, असं माझं मत झालं. काही वायए सरळ मोठ्यांसाठी लिहिलेली असतात. ओळखू येतात. सोळा वर्षांची मुलगी आजीच्या मरणावर अशी वाक्यं बोलते की ती फ्रेम करून लावावीत. दु:खाच्या मध्यात उभं असलेलं पोर असं गोळीबंद बोलत नाही. ते चिडतं, बूट फेकतं, शाळेत नको तिथं हसतं. ज्या पुस्तकांत मी सर्वात जास्त ओळी अधोरेखित केल्या, ती भाचीनं सर्वात आधी बाजूला ठेवली. “छान आहे,” म्हणाली, “पण ती तुझ्यासारखी बोलते.”

कसोटी सापडली ती पुन्हा सर्वनामातच. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत दोन: ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘आपण’मध्ये समोरचा आत असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर. वायएचा कथक सारखा ‘वी’ म्हणत असतो, आणि मला दर वेळी ठरवावं लागायचं. आईशी बोलताना ‘आम्ही’: आम्ही जाऊ, आम्ही बघू. मैत्रिणीशी ‘आपण’. मग एके दिवशी मैत्रीण एका नव्या मुलीबद्दल बोलता बोलता म्हणते, “आम्ही त्या दिवशी गेलो होतो ना.” वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कथक मुलीला काही सांगितलं नव्हतं, वाईट बोललं नव्हतं. फक्त तिला दाराबाहेर ठेवून ‘आम्ही’ म्हटलं होतं. १६ वायएंपैकी सर्वात जिव्हारी लागलेली तीन पुस्तकं मैत्री तुटण्याची आहेत, प्रेम तुटण्याची नाहीत. प्रेमभंगाला निदान नाव आहे, गाणी आहेत, रडायची परवानगी आहे. जिवलग मैत्रीण हळूहळू ‘आम्ही’ म्हणायला लागली तर घरी येऊन काय सांगायचं?

आणि वायएमधल्या प्रेमाला मी एचईए मागत नाही. उलट शेवटी ‘दहा वर्षांनंतर’ असं प्रकरण जोडून सतराव्या वर्षीच्या जोडीचं लग्न लावून दिलेलं असलं की मला फसवल्यासारखं वाटतं. मोठ्यांच्या कादंबरीत शेवट ठरलेला म्हणून मी निवांत असते. इथं तो ठरलेला नाही म्हणून वाचते. भाचीला हे पटत नाही. तिला लग्न हवं असतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही, होईल असं दिसत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी, मुखपृष्ठांबद्दल. प्रेमकादंबरी आणि वायए, दोन्हींना हल्ली तीच सपाट रंगांची, गोड कार्टून माणसं. कुठलं कुणासाठी ते बाहेरून कळत नाही. मी ओळखीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला म्हणून असंच एक आणलं होतं, निळं, ढगांचं. वेष्टन बांधता बांधता सहज मधलं पान उघडलं आणि खुर्चीत बसले. चार मिरच्या. पुस्तक तसं चांगलं होतं, माझ्या यादीत गेलं. ‘तू’ पान १४१. मुलीला शब्दकोश दिला. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

सर्वात अवघड गेलं ते पुस्तक सोडणं. वाचायला घेतलेलं संपवायचं, अशा शिस्तीत मी वाढले. अर्धवट टाकणं म्हणजे उठून जाण्यासारखं उर्मट. भाचीच्या जगात याला ‘डीएनएफ’ म्हणतात, डिड नॉट फिनिश, आणि लोक ते निर्विकारपणे सांगतात. माझं पहिलं डीएनएफ ऑक्टोबरात झालं. नायक नायिकेला न विचारता तिच्या बॉसला फोन करून तिची नोकरी सोडवतो आणि ती त्याच्या गळ्यात पडते. ५४ टक्के. मी बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं, रात्री उठून अजून दहा टक्के वाचलं आणि मग कायमचं बंद केलं. वहीत का ते लिहायला एक आख्खं पान लागलं. वर्षअखेर अशी सात झाली. म्हणजे ४० पैकी ३३ वाचली. त्यातली नऊ मी परत वाचेन. नऊ म्हणजे माझ्या नेहमीच्या गंभीर वाचनापेक्षा कमी प्रमाण नव्हे, हे मी कबूल करते, पण भाचीसमोर अजून केलेलं नाही.

आता तिची पाळी. तिनं वर्षभरात माझ्या कपाटातली तीन पुस्तकं वाचायची होती. दोन तिनं सुट्टीत वाचली, फारसं काही बोलली नाही. तिसरं मी विचार करून दिलं. मला फार प्रिय असलेली, संथ, चारशे पानांची कादंबरी, दोन मध्यमवयीन माणसांची. मला त्यातलं ‘तू’चं पान पाठ आहे, पण सांगितलं नाही.

परवा रात्री तिचा मेसेज आला.

“११२ पानं झाली. अजून अहो-जाहोच चाललंय. सोडतेय.”

मी लिहिलं, “१३० पर्यंत थांब.”

तिनं उत्तर दिलेलं नाही. पुस्तकही परत आलेलं नाही.